गुरुवारची खबर

आंघोळीआधी नातीच्या डोक्याला तेल चोळता चोळता बायजाबाई सहज बोलून गेल्या आणि शुभांगीच्या हातातला चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

"कॉलेजात तुला राखली कुणी? माज्या दत्तानंच की. तुज्या बानं लावला व्हता त्याला तुज्यामागं."

जांबे गावातल्या फ्लॅटची ती हातभर गॅलरी. समोर हिंजवडीच्या काचेच्या इमारती, खाली भाड्याच्या खोल्यांतून कामावर निघालेल्या पोरांच्या गाड्यांची घरघर. बायजाबाई चार दिवसांसाठी लेकासुनेकडे आल्या होत्या. मेंढरांमागे सासरे, धुळाजी, एकटेच होते. तीन वर्षांची जुईली आजीच्या मांडीत डोळे घट्ट मिटून बसली होती, तेल डोळ्यांत जाईल म्हणून. तोंड मात्र सताड उघडं.

"राखली म्हणजे काय, आत्या?"

"राखली म्हंजे राखली. आमची मेंढरं तुज्या बाच्या खाचरात बसली व्हती. तवा काय त्ये व्याही नव्हतं, मालक व्हतं. सांजच्याला आलं, बांधावर बसलं, म्हणलं, धुळाजी, पोरगी टेकडीवरच्या कॉलेजात घातलीया, तुजं पोरगं बी तितंच हाय. ती कुणाशी बोलती, कुटं जाती, एवढं बघाय सांग त्याला. दर गुरवारी मला खबर दिऊन जाईल." बायजाबाईंनी नातीच्या टाळूवर दोन थापट्या मारल्या. "आता मालकानं म्हणल्यावर न्हाई कसं म्हणायचं? आन् त्यात काय एवढं तोंड करतीस? आमचं कामच हाय त्ये. मेंढरू राखतुया, तर माणूस राखाय काय हुतंय."

"आणि दत्ता जायचा? दर गुरुवारी?"

"तीन वर्सं. एक गुरवार चुकला न्हाई. मान वळीव पोरी, तेल ऱ्हायलं कानामागं."

शेवटचं वाक्य जुईलीला होतं. शुभांगीने कप खाली ठेवला. चहावर साय धरली होती.

शुभांगीच्या लग्नाची गोष्ट तिच्या शाळेतल्या बायांना पाठ होती. मधल्या सुट्टीत कुणाच्या मुलीचं स्थळ बघणं निघालं की कुणीतरी म्हणायचंच, "शुभांगी मॅडमना विचारा, त्यांनी स्वतःचं स्वतः जमवलंय." मग ती सांगायची. कॉलेजच्या पहिल्या दिवसापासूनची मैत्री. तीन वर्षं एका बाकावर, एका डब्यात. पुढची दोन वर्षं एकमेकांचे नोकरीचे अर्ज तपासण्यात. आणि मग एकदा पौड रोडला बसची वाट बघताना तिनेच म्हटलं होतं, "दत्ता, तुझ्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस संपत नाही, याचं काय करायचं?" त्याने बराच वेळ बस यायच्या दिशेला बघून घेतलं आणि म्हणाला, "घरी सांगावं लागेल."

घरी सांगणं म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. जात वेगळी. ती लवळ्यातल्या जमीनवाल्या घरातली, तो त्यांच्या खाचरात मेंढरं बसवणाऱ्याचा मुलगा. शुभांगीने पळून जायची पिशवी भरून पलंगाखाली ठेवली होती. काकीने रडायची तयारी केली होती. आणि आबांनी, ज्यांच्यासमोर घरातलं माणूस रेडिओचा आवाज वाढवत नसे त्या तिच्या वडिलांनी, कुशाबांनी, बशीतला चहा फुंकून प्यायला, मिशी पुसली आणि म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. भात निघालं की उरकून घिऊ."

बस. एवढंच. काकीचं रडं तसंच राहून गेलं. भावकी महिनाभर तोंडात बोट घालून बसली. लग्नाला आता आठ वर्षं झाली होती.

ही गोष्ट सांगताना शुभांगीचा आवाज किंचित वर चढायचा. कॉलेज आबांनी ठरवलं, विषय मामाने सांगितले, नोकरी जिथं मिळाली तिथं घेतली. तिने एकटीने ठरवलेलं असं हे एकच होतं. आणि आता त्या चहाच्या बशीकडे नव्याने बघावंसं वाटत होतं. एवढा ताठ माणूस एका बशीत कसा विरघळला? त्याने होकार दिला होता, की स्वतःचीच निवड परत ताब्यात घेतली होती?

दत्ताला तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने काहीतरी सांगितलं असतं आणि ते खरं की कसं, हे जोखायला तिच्याकडे काहीच नव्हतं. म्हणून ती गप्प राहिली आणि बघू लागली.

आपल्याच नवऱ्याकडे असं बघणं किती दमवतं, हे तिला त्या आठवड्यात कळलं. तो जुईलीच्या सॅंडलचा बंद लावत असायचा आणि ही ओट्याशी उभी राहून विचार करायची: पहिल्या दिवशी वर्गात निम्मे बाक रिकामे होते. खेड्यातली मुलं भिंतीकडे, मुली खिडकीकडे. त्यात हा एकटाच सरळ येऊन तिच्या शेजारी बसला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, किती धीट आहे. धीट कसला. सांगितलं होतं म्हणून बसला. पेपरच्या आदल्या दिवशी तिला नोट्स आणून दिल्या त्या? सांगितलं होतं म्हणून. ताप आला तेव्हा लवळ्याच्या फाट्यापर्यंत बरोबर चालत आला तो? मेंढरू मागं राहिलं की मेंढपाळ येतोच मागं.

एकेक चांगली आठवण ती अशी उलटी करून बघत होती आणि प्रत्येकीच्या मागच्या बाजूला आबांचा अंगठा उमटलेला दिसत होता.

आणखी एक गोष्ट तिला आता खटकू लागली. गेली काही वर्षं आबा तिचं अधूनमधून भलतंच कौतुक करत. "सकाळी उठून सूर्यनमस्कार घालतीस म्हणं. ब्येस." ती सकाळी उठून डबे भरायची, सूर्याकडे बघायलाही सवड नव्हती. मागं एकदा म्हणाले, "चतुर्थ्या धरतीस म्हणं सगळ्या." तिने आयुष्यात एक चतुर्थी धरली नव्हती. आईच लेकीची बढाई मारत असेल, असं समजून तिने तेव्हा हसून सोडून दिलं होतं. पण "म्हणं" म्हणजे कुणीतरी म्हटलेलं असतं. कुणी?

बायजाबाई मेंढरांकडे परत गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी सातच्या सुमारास दत्ता म्हणाला, "वाळत घातलेलं काढून आणतो." गच्चीवर गेला. आठ वर्षं गुरुवारचे कपडे तोच काढायचा. किती समजूतदार नवरा म्हणून तिने त्याचंही शाळेत कौतुक केलेलं होतं. ती जुईलीला कडेवर घेऊन अर्धा जिना चढली.

"हो आबा," वरून त्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग, "हो, जेवते की. दोन भाकरी." मग पुन्हा, "हो आबा."

"बाबा," जुईली ओरडली. शुभांगीने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि उतरून खाली आली. स्वतःच्या घरात चोरासारखी.

नंतर तो आंघोळीला गेला तेव्हा तिने त्याचा फोन उघडला. कुलूप नव्हतंच कधी. आबा. गुरुवार, चार मिनिटं. त्याआधीचा गुरुवार, पाच मिनिटं. त्याआधीचा, तीन. बोट सरकवत गेली तसे गुरुवार संपेनात. म्हणजे राखण अजून चालू होती. लग्न झालं, मूल झालं, राखणदाराची सुट्टी काही झाली नव्हती.

तिला रडू आलं नाही. तिला एक युक्ती सुचली, आणि सुचल्यावर स्वतःचीच थोडी भीती वाटली.

पुढच्या मंगळवारी, जुईली झोपी गेल्यावर, भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "दत्ता, एक सांगायचंय. आमच्या शाळेची नवी शाखा निघतेय बंगळूरला. मुख्याध्यापिका म्हणून जाता का, विचारतायत. दोन वर्षांसाठी."

यातला शब्दन् शब्द खोटा होता. शाखा नव्हती, विचारणं नव्हतं. हे तिने जगात दुसऱ्या कुणालाही सांगितलेलं नव्हतं, आईलाही नाही.

तो टॉवेलने ताट पुसत होता. तेच ताट त्याने दोनदा पुसलं.

"छान आहे की," तो म्हणाला. "आणि जुईली?"

"नेईन ना बरोबर."

"हं. तुझ्यात आहे ते. मुख्याध्यापिका वगैरे." ताट जागेवर ठेवताना वाजलं. "मग ठरलं का?"

"बघू."

त्या रात्री तो कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून झोपला, आणि झोपला नाही, हे तिला त्याच्या पाठीवरून कळत होतं. तेरा वर्षांची ओळख होती त्या पाठीशी. क्षणभर वाटलं, उठवावं आणि सांगून टाकावं. पण मग गुरुवार आला असता आणि तिला कधीच काही कळलं नसतं.

गुरुवार आला. दत्ता कपडे काढायला गेला. त्या दिवशी तो अकरा मिनिटं वर होता.

रविवारी ते लवळ्याला गेले. भात निघून गेलं होतं, खाचरांत नुसती धसकटं उरली होती आणि नेहमीप्रमाणे धुळाजींची मेंढरं कुशाबांच्या वावरात बसली होती. रोज रात्री वाघर, म्हणजे ते दोऱ्यांचं जाळं, नव्या तुकड्यात लावायचं. मेंढरं आत बसली की सकाळपर्यंत त्या तुकड्याला खत मिळतं. दत्ता आल्या आल्या पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून बापाच्या मदतीला पलीकडच्या खाचरात गेला. जुईली कोकराच्या मागे धावत होती आणि कोकरू बायजाबाईंच्या मागे. घरात सगुणाबाई, शुभांगीची आई, इंद्रायणीचा भात टाकून बसली होती; वास बांधापर्यंत येत होता.

आबा बांधावरच्या आंब्याखाली बसले होते. शुभांगी त्यांच्याजवळ जाऊन बसली. वाट बघत होती.

"लांबच्या गावात," आबा समोर बघत म्हणाले, "आपल्या माणसाचं काय खरं नसतंय."

"कुठल्या लांबच्या गावात?"

"कुटल्याबी. आता समज, बंगळूर." त्यांनी काडीने दात कोरले. "तितं पोरीशी मराटी कोण बोलंल?"

इतका वेळ, खरं तर इतके दिवस, तिला आतून वाटत होतं की हे होणार नाही. आबा दुसरंच काहीतरी बोलतील. पाण्याबद्दल, बिबट्याबद्दल, शेजारच्या बंगलेवाल्याच्या कुंपणाबद्दल.

"दत्ताने सांगितलं ना तुम्हाला?"

आबांना लपवायचं काही कारणच वाटलं नाही. "मग? त्याला कामच दिलंय त्ये."

"कधीपासून?"

"तू टेकडीवर जाया लागलीस तवापासनं. घरातनं पहिली पोर कॉलेजात चालली व्हती. वर सगळी बाहेरगावची पोरं, गाड्या काय, क्यांटिन काय. डोळं मिटून कसं सोडायचं? तुजा भाऊ राजू तर असला भोळा, त्याला बैल हरवल्यालं कळायचं न्हाई." आबा चक्क हसले. "पण धुळाजीचं पोरगं पक्कं. मी इचारायचं, त्यानं सांगायचं. येक शब्द इकडचा तिकडं न्हाई."

"काय काय सांगायचा?"

तिने हे वाकड्यात शिरून विचारलं होतं, पण आबांना ते आवडलं. म्हाताऱ्या माणसाला आपल्या जुन्या व्यवस्थेबद्दल कुणी विचारलं की आवडतं तसं.

"सगळं सांगायचा. तू लायब्रीत बसायचीस. खिडकीपाशी, तिसऱ्या टेबलाला. निळ्या वहीत ल्ह्यायचीस. दुपारचं पोरी क्यांटिनला गेल्या तरी तू जायाची न्हाईस."

शुभांगी लायब्ररीत तीन वर्षांत दहा वेळा गेली असेल. कॅंटीनमध्ये तिचा बाक ठरलेला होता.

"पहिल्या वर्साला पोरं अलिबागला गेली, दोन दिस. तू न्हाई गेलीस. मी दत्ताला इचारलं, व्हय रं, गेली न्हाई न्हवं? तर म्हणला, न्हाई आबा, ती आन् तिची मैतरीण गौतमी, गौतमीच्या घरी जर्नल पुरं करत्यात. चित्रं काडायची ऱ्हायल्यात, म्हणला. बेडकाची."

शुभांगीने अलिबागला आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला होता. घरी जर्नलची थाप मारली होती आणि परत येईपर्यंत जीव मुठीत होता. त्याच बसमध्ये दत्ता होता. घाटात त्याला गाडी लागली होती आणि तिने त्याला आवळासुपारी दिली होती.

तिने बांधावरचं थोडं गवत उपटलं.

"आन् दुसऱ्या वर्साला तर," आबांचा आवाज खाली आला, "गावात कुणीतरी बोललं, तुमची पोर धरणाच्या बाजूला दिसली, कुण्या पोराच्या गाडीवर मागं. पिवळी वढणी. माजं डोस्कं फिरलं. तुला काय बोललो न्हाई. गुरवार यायची वाट बघितली."

"मग?"

"दत्ता म्हणला, आबा, ती शुभांगी न्हाई. ती कॉमर्सची पोरगी हाय, तिच्याकडंबी तसलीच वढणी हाय, येकाच दुकानातनं घेतल्याली. त्या दिशी दुपारी शुभांगी माज्यासमूर लायब्रीत व्हती, म्हणला. पेनातली शाई सांडली, हात निळा झाला व्हता तिचा."

पियूष नाव होतं त्या मुलाचं. बाहेरगावचा, हॉस्टेलला राहायचा. आठ-नऊ महिने शुभांगीला दुसरं काही सुचत नव्हतं. धरणाच्या पाण्याकाठी, मागच्या सीटवर, पिवळी ओढणी तोंडाला बांधून, ती तीच होती. आणि परीक्षा झाल्यावर पियूषने फोन उचलणं बंद केलं तेव्हा कॅंटीनमध्ये तिने दत्तासमोर डोळे सुजेपर्यंत रडून घेतलं होतं. तो एवढंच म्हणाला होता, "चहा गार होतोय."

"त्यो व्हय म्हणला असता," आबा म्हणाले, "तर त्याच मे म्हैन्यात तुजं उरकलं असतं. स्थळ बघून ठिवलं व्हतं मी. पोराच्या बाची वीटभट्टी व्हती. पर दत्ता खोटं बोलनार न्हाई, ह्ये मला म्हाईत. म्हणून तर तुमी दोघं येऊन हुबं ऱ्हायलासा तवा मी इचार बी केला न्हाई. तीन वर्सं ज्यानं येवढी खरी खबर दिली, त्याच्या घरी पोर दिली तर काय बिघडलं?"

पलीकडच्या खाचरात दत्ता जाळ्याच्या खुंट्या ठोकत होता. ठोका दिसायचा आधी, आवाज यायचा मग. शुभांगी त्याच्याकडे बघत राहिली. गेले पंधरा दिवस बघत होती त्यापेक्षा वेगळं.

आबांना आत्ता सांगितलं असतं, की तुमचा पक्का माणूस तीन वर्षं तुमच्या तोंडावर खोटं बोलत होता, तर काय झालं असतं? तिने आबांच्या सुरकुतलेल्या, समाधानी तोंडाकडे पाहिलं.

"होय," ती म्हणाली. "निळाच झाला होता हात. दोन दिवस गेला नव्हता रंग."

"बग," आबा म्हणाले.

परतताना गाडी तीच चालवत होती. जुईली मागच्या सीटवर कोकरासारखी पाय पोटाशी घेऊन झोपली होती. तिच्या फ्रॉकला लोकर चिकटली होती. उतार संपून रस्ता सरळ झाला तशी शुभांगीने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. ऊन अजून बरंच होतं.

"काय झालं? पंक्चर?"

"आत्यांनी मला सांगितलं. तू मला राखायचास ते. आणि आज आबांनी."

दत्ताने काचेतून बाहेर बघितलं. "आबांनी काय सांगितलं?"

"सगळं. खिडकीजवळचं तिसरं टेबल. निळी वही."

"लायब्ररी जरा जास्तच झाली," तो पुटपुटला. "दुसरं काही सुचायचं नाही."

"कॉमर्सच्या पोरीची ओढणी सुचली की."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"का, दत्ता?"

"पहिल्या गुरुवारी खरं सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू डब्यातली कारल्याची भाजी मला देतेस आणि कॅंटीनमध्ये वडापाव खातेस, एवढंच. मला वाटलं, यात काय आहे. दुसऱ्या दिवशी तू डोळे सुजवून आलीस. आबांनी आठवडाभर तुझा डबा बंद करून दुपारी तुला कॉलेजातून शेतात, त्यांच्यासमोर जेवायला बोलावलं होतं, आठवतंय? बापाला मी नाही म्हणू शकत नव्हतो. मेंढरं तुमच्या वावरात होती. मग जायचं तर जायचं, पण सांगायचं नाही, असं केलं."

"मला सांगायचंस."

"कधी? पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर तू माझ्याशी बोलणं तोडलं असतंस. नंतर आबांनी होकार दिला. म्हटलं, आता याच्यावर घर उभं राहतंय, पाया कुठं उकरायचा."

"आणि लग्नानंतर? सूर्यनमस्कार?"

"त्यांना गुरुवार लागतो गं. फोन नाही केला तर शुक्रवारी सकाळी सहाला त्यांचा येतो." तो किंचित हसला आणि लगेच थांबला. "काहीतरी बरं वाटेल असं सांगतो. खरं काही नाही सांगत."

"बंगळूरचं सांगितलंस."

मागे जुईलीने झोपेत कूस बदलली.

"ते सांगितलं," तो म्हणाला. "तेरा वर्षांत कारल्यानंतर तेवढंच खरं सांगितलं. मला तू जायला नको होतीस. पण ते माझ्याच्यानं म्हणवेना. मी नको म्हटलं असतं आणि तू थांबली असतीस, तर उद्या तुला वाटलं असतं, यानं अडवलं. म्हटलं, आबांनी अडवू दे. त्यांच्यावर रागवायची तुला सवय आहे."

"हे बरं नाही केलंस."

"माहीत आहे."

"माझ्याशी बोलायचं होतंस. माझ्याशी, दत्ता. माझ्या बापाशी नाही."

"माहीत आहे म्हटलं ना."

ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिली. आता तिची पाळी होती, आणि ती टाळता येण्यासारखी नव्हती.

"बंगळूर नाहीच आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"शाखा नाही, काही नाही. तू सांगतोस की नाही ते बघायचं होतं मला."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं तो चिडेल. तो आधी गोंधळला, मग त्याच्या चेहऱ्यावरून सुटकेसारखं काहीतरी सरकलं, आणि त्याच्या मागोमाग दुखावलेपण आलं आणि तेच राहिलं.

"पाच दिवस मी झोपलो नाही, शुभे."

"दिसत होतं मला."

"दिसत होतं, तरी?"

"तरी." तिचा आवाज चिरकला. "मी तुला निवडला, असं मी आठ वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. आणि आत्या म्हणतात, बानं लावला होता. मग मी कुणाला निवडलं? काय निवडलं? तूच सांग. पहिल्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसलास ते आबांनी सांगितलं म्हणून ना?"

इथे "नाही" म्हणणं फार सोपं होतं. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"हो," तो म्हणाला. "आबांनी सांगितलं म्हणून."

रस्त्यावरून विद्यार्थ्यांनी गच्च भरलेली एक रिक्षा लवळ्याकडे चढून गेली. आत कुणीतरी मोठ्याने गात होतं.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो होतो. लाज वाटत होती. म्हटलं, लांबून बघू, लांबून सांगू." तो थांबला. "तू वर्गात आलीस, इकडंतिकडं बघितलंस, आणि मागे माझ्याजवळ येऊन बसलीस. मी नव्हतो आलो. तू आलीस."

शुभांगीने आठवून बघितलं. काही आठवेना. पहिला दिवस लख्ख आठवत होता. दुसरा कोरा होता. असं झालं असेल? की हेही लायब्ररीसारखंच, तिला बरं वाटावं म्हणून? इतकं सफाईने खोटं बोलणारा माणूस आपल्या शेजारी बसलाय, हे तिला आताच तर कळलं होतं.

"काय घातलं होतं मी?" तिने विचारलं.

त्याने खरोखर विचार केला. कपाळाला आठी पडली.

"नाही आठवत," तो म्हणाला. "खरंच नाही आठवत. फक्त तू आलीस एवढंच."

तिसरं टेबल नाही, रंग नाही, शाई नाही. आबांना सांगताना त्याने निदान ओढणी तरी सांगितली असती. शुभांगीने आरसा नीट केला, मागे झोपलेल्या जुईलीकडे एकदा बघून घेतलं आणि गाडी सुरू केली.

"गुरुवारी कपडे मी काढणार आहे," ती म्हणाली.

"आणि आबा?"

"त्यांच्याशीही मीच बोलणार आहे. काय सांगायचं ते तू मला शिकव."